बद्द वाजणारा सायलेन्सर

मागून टँकर हॉर्न मारत अंगावर येत होता आणि आमचे व्याही मान अर्धी वळवून मला विचारत होते, "विहीणबाई, खरं सांगा, ह्या सायलेन्सरचा आवाज जुन्यापेक्षा बरा आहे ना?" तलासरीहून चारोटीकडे येणारा हायवे. पुढे सळया भरलेला ट्रेलर, मागून उजव्या अंगाने टँकर आणि मध्ये दोन चाकांवर आम्ही दोघं म्हातारी माणसं. मी एका बाजूला पाय सोडून बसलेले, डोक्यावर पदर आणि पदरावर हेल्मेट. हॉर्न असा होता की माझी कवळी हलली. मी व्याह्यांच्या पाठीत बुक्की मारली. ते खूश होऊन म्हणाले, "मलाही आवडला." मी दुसरी बुक्की जोरात मारली. तेवढ्यात पुढे खड्डा आला, आणि तो चुकवायला ते उजवीकडे, नेमके टँकरच्या तोंडासमोर सरकू लागले.

पुढचं सांगते, पण आधी हा माणूस काय आहे ते कळायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई कुणाच्याही गाडीवर बसते.

डहाणू तालुक्यात आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. ते घरात दोन कॅलेंडरं लावतात आणि दोन्हींवर एकच तिथी असेल तरच उपास धरतात. कुणी रस्त्यात नमस्कार केला तर ते नमस्कार घेतात आणि चार पावलं पुढे जाऊन मागे वळून बघतात, की ह्याला काय पाहिजे होतं. वरोरला मासे आणायला गेले की एका कोळणीकडच्या पापलेटाचे कल्ले उघडून बघतात, वास घेतात, मग शेजारच्या कोळणीला जाऊन विचारतात की पहिली कशी बाई आहे. एकदा ती पहिली म्हणाली, "ओ काका, म्हावरा खायला नेताय का सोयरीक जुळवायला?" व्याही म्हणाले, "सोयरिकीत एवढं बघावं लागत नाही." हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. त्यांच्या मुलाला माझी मुलगी दिलेली आहे, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

त्यांचा विश्वास फक्त लोखंडावर. रेल्वेत त्यांचं काम चाकं ठोकायचं. गाडी यार्डात येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका डब्याच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, कुठे तडा गेला असेल तर बद्द वाजतं. पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. "माणूस कसा वाजतो ते कळत नाही," ते म्हणत, "चाकाचं कळतं." त्यामुळे एक छोटी हातोडी कायम त्यांच्या खिशात असते. नारळ, कलिंगड, माठ, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, देवळाचा नवा कळस, जे दिसेल त्याला ते एक टोला देऊन बघतात. आमच्या लेकीची बोलणी करायला सरावलीला आमच्या घरी आले तेव्हा चहा बाहेर यायच्या आत त्यांनी ओटीच्या खांबाला तीन टोले दिले होते. मी आतून बघत होते. मला वाटलं, नवऱ्यामुलाचा बाप वाळवी शोधतोय.

लग्नात तर त्यांनी कमाल केली. आम्ही दिलेला तांब्याचा हंडा सगळ्या मंडपादेखत उचलला, ठोकला, आणि गुरुजींच्या मंगलाष्टकांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, हा बद्द वाजतो." हंड्याच्या बुडाला केसाएवढी चीर निघाली. दुकानदाराने हंडा बदलून दिला, पण मंडपात गेलेली माझी लाज काही बदलून मिळाली नाही. त्या दिवसापासून मी ह्या माणसावर डोळा ठेवला, आणि ते माझ्यावर ठेवूनच होते. तेव्हापासून आमचं चांगलं जमलं. एकमेकांवर विश्वास टाकणारे व्याही मी पाहिलेत, दुसऱ्या दिवाळीला त्यांचं बोलणं बंद झालेलं असतं.

दोन हजार चौदा साली ते निवृत्त झाले आणि महिन्याच्या आत मोटरसायकल घेऊन आले. साधी नव्हे. लांबच्या प्रवासाची, पुढे काच, दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, सीट एवढी उंच की घोड्यावर चढावं तसं चढायचं. त्यांची बायको लेकीच्या लग्नाआधीच वारली होती, त्यामुळे नको म्हणणारं घरात कोणी नव्हतं. मी विचारलं, "ह्या वयात कुठे जायचंय?" ते म्हणाले, "पस्तीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या गावोगाव गेल्या. मी यार्डातच." एवढंच बोलले आणि पहिल्या हिवाळ्यात एकटे द्वारकेला जाऊन आले. मला हे काही खरं वाटलं नाही. बायको नसलेला माणूस महिनामहिना बाहेर राहतो म्हणजे कुठे तरी दुसरी चूल असणार, अशी माझी खात्री झाली. मी लेकीला सांगून ते पत्र्याचे डबे उघडून पाहिले. आत ऑइलचा डबा, दोन बनियन, भाजलेल्या चण्यांची पुडी आणि हातोडी निघाली. चणे अर्धे उरले होते. दुसरी चूल असलेला माणूस चणे पुरवून पुरवून खात नाही, म्हणून मी तो संशय सोडला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांचा संशय हाताबाहेर गेला. देवळातली जुनी घंटा ट्रस्टींनी विकली आणि हलकी आणून टांगली, असं ते सांगू लागले. मी त्याच घंटेच्या आवाजात लहानाची मोठी झाले, पण माझं ऐकतो कोण. मग टीव्हीच्या कंपनीवर आळ आला, की माल जुना झाला की हे लोक तिकडून आवाज कमी करतात. मग माझ्या लेकीवर आला. "तुमची मुलगी माझ्यासमोर हळू बोलते. काही तरी लपवते," म्हणाले. लेक माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "आई, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतलाय गं." मी त्यांना फोन करून झापलं, तर ते म्हणाले, "आता तुम्हीही हळू बोलायला लागलात."

शेवटी गाडीवर आळ आला. गाडीचा आवाज पूर्वीचा राहिला नाही. पहिल्या वर्षी कशी भरदार बोलायची, आता कुजबुजते. डहाणूच्या मेकॅनिकने सर्व्हिसिंगच्या वेळी सायलेन्सरमध्ये काही तरी कोंबलंय. त्यांनी खराट्यातली काडी घेऊन सायलेन्सरच्या तोंडात खुपसून पाहिली. आत काही नव्हतं. मग आत काही का नाही, हा नवा संशय. तेव्हा कुणी तरी सांगितलं की कंपनीचा काढून बाहेरचा सायलेन्सर बसवून मिळतो, आवाज मोठा येतो. झालं. सहा महिने दुसरा विषय नाही. दिवाळीनंतर त्यांना कच्छच्या रणात जायचं होतं आणि त्याआधी ठरवायचं होतं, बसवायचा की नाही. जो बसवा म्हणेल त्याचं दुकानदाराशी साटंलोटं, जो नको म्हणेल त्याच्या पोटात दुखतं. रहदारीच्या हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, मोठा आवाज केलात तर पावती फाडीन." व्याही मला म्हणाले, "आधीच सांगून ठेवतोय. म्हणजे सापळा आहे." जावयाने पाठिंबा दिला, की हायवेवर ट्रकवाल्यांना आपण येतोय हे तरी कळेल. तर पोटच्या मुलालाही म्हणाले, "तुला एवढी घाई का?"

मग एके दिवशी सकाळी गाडी माझ्या अंगणात. मी चिकू निवडत बसले होते.

"विहीणबाई, तलासरीला चला. एका दुकानात बाहेरचे सायलेन्सर आलेत."

"मी काय करू तिथे? मी चौथी शिकलेली."

"म्हणूनच. तुम्हाला अजून कुणी फोडलेलं नाही. आणि तुम्ही कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही."

ही दुसरी गोष्ट खरी होती, म्हणून मी गेले. व्याह्याच्या गाडीवर विहीण बसलेली पाहून आमच्या पाड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. लावू देत. मला त्या दुकानदाराकडे बघायचं होतं, कारण माझाही अंदाज हाच होता की व्याह्यांना कोणी तरी बनवतंय.

तलासरीचा तो दुकानदार गुजराती बोलणारा, आमच्याशी मोडकं मराठी. त्याने चार सायलेन्सर मांडले. जगातला कुठलाही माणूस अशा वेळी गाडीला जोडून, गाडी चालू करून ऐकतो. आमच्या व्याह्यांनी सायलेन्सर छताच्या कडीला दोरीने टांगायला लावला. खिशातून हातोडी काढली आणि टोला दिला. दुकान भरून आवाज घुमला, बाकाखाली झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं. व्याह्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "बद्द."

"काका, ही घंटा नाय. चालू करून ऐका ने."

"दुसरा टांग."

दुसरा टांगला. खणखणीत. "बद्द." तिसरा तर पहिल्या दोघांपेक्षा छान वाजला, व्याह्यांनी त्याला तीन टोले दिले आणि मान हलवली. "सगळा माल तडा गेलेला."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "माँजी, तुमी बोला. वाजते का नाय?"

"वाजतंय की चांगलं," मी म्हटलं.

व्याही माझ्या कानाशी वाकून, पण अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही मध्ये बोलू नका. त्याला कळेल." मला वाटलं, हा भाव पाडायचा डाव आहे. मनातल्या मनात मी त्यांना शाबासकी दिली. माणूस रेल्वेत होता तरी व्यवहार कळतो, असं वाटलं. माझ्यासारख्या बाईने, जिने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट उलटी करून बघितली, तिने तेवढी एक गोष्ट सरळ घेतली.

चौथा सायलेन्सर सगळ्यांत थोराड. तो "जरा बरा" ठरला. संध्याकाळपर्यंत चालवून बघतो, पटला नाही तर परत, ह्या बोलीवर दुकानदाराने कंटाळून तो बसवून दिला. गाडी चालू केली तेव्हा समोरच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले. मी कानांवर हात ठेवले. व्याह्यांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. पुष्कळ वर्षं न भेटलेलं माणूस अचानक दारात उभं दिसावं, तसं. मी मनात म्हटलं, थेरडा पोरकट आहे.

आणि मग हायवे, टँकर, खड्डा.

बुक्क्यांनी काही होत नाही हे कळल्यावर मी दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरला आणि अंगात होतं तेवढं वजन डाव्या बाजूला टाकलं. माझं वजन कमी नाही. गाडी डावीकडे झुकली, रस्ता सोडला, मातीवरून खडखडत गेली आणि गवतात आडवी झाली. टँकर शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने माझा पदर तोंडावर आला. उठताना मी हात टेकला तो तापलेल्या सायलेन्सरवर, त्याचा डाग अजून तळहातावर आहे. व्याह्यांचं कोपर सोललं होतं. ते उठले, टँकर गेला त्या दिशेला बोट करून म्हणाले, "बघितलंत? हरामखोराने हॉर्नसुद्धा दिला नाही."

 टँकरच्या हॉर्नने माझे कान अजून वाजत होते. सायलेन्सरच्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल म्हणावं, तर मागे बसलेल्या मला तोच गोंगाट होता. मला देवळातली घंटा आठवली, टीव्ही आठवला, घसा बसलेली माझी लेक आठवली आणि दोरीला टांगलेले ते तीन सायलेन्सर आठवले. व्याही पाठमोरे वाकून गाडी उचलायला बघत होते. त्यांची हातोडी गवतात पडली होती. मी ती उचलली आणि रस्त्याच्या लोखंडी कठड्यावर हाणली. पलीकडून गवताचा भारा घेऊन जाणारी बाई दचकून थांबली. व्याही वळले नाहीत. मी परत हाणली. नाही वळले. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

ते माझ्या हातातल्या हातोडीकडे बघत राहिले. 

"किती वेळा ठोकलंत?" त्यांनी विचारलं.

मी दोन बोटं दाखवली.

"कसं वाजलं?"

"खणखणीत."

ते तिथेच गवतात बसले. मीही शेजारी बसले. मग म्हणाले, "म्हणजे देवळातली घंटा बदललेली नाही."

"नाही."

"सूनबाई हळू बोलत नाही."

"तिचा घसा बसलाय."

"विहीणबाई," ते म्हणाले, "हे घरी कळलं तर गाडी जाईल. पहिल्याच दिवशी जाईल. मग मी परत यार्डात."

मी सांगायला हवं होतं. दुसरी कोणी असती तर तिने तिथूनच फोन केला असता. मी तो केला नाही, आणि लेकीपासून मी आयुष्यात लपवलेली ही एकच गोष्ट. पण मी फुकट लपवत नाही. मी अटी घातल्या. हायवे बंद, कच्छ बंद. गाडी आतल्या रस्त्यांवर, सायवनपर्यंत, वरोरपर्यंत, सायकलवाला पुढे जाईल इतक्या हळू. आणि मी मागे बसल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर नाही. मागून वाहन आलं की मी त्यांच्या डाव्या खांद्यावर एकदा ठोकणार, तेव्हा कडेला घ्यायचं. दोनदा ठोकलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. "आणि हा सायलेन्सर परत," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू यावं म्हणून सगळ्या तालुक्याने कान का फोडून घ्यायचे?"

त्यांनी सगळं कबूल केलं. कानाचं मशीन घ्या म्हटलं, ते तेवढं केलं नाही. मशीनवाले आत काय बसवतात ते कुणाला माहीत, म्हणाले. मी नाद सोडला. आम्ही तसेच कडेकडेने तलासरीला परत गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, काय खराबी?" व्याही म्हणाले, "बद्द वाजतो." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, मलाही तसंच वाटलं." कंपनीचा सायलेन्सर परत बसला. सहा महिन्यांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

पुढे दीड वर्ष आम्ही तसे हिंडलो. वरोरच्या कोळणींनी आम्हाला नावं ठेवली, सायवनच्या बाजारात लोक गाडी बघायला जमत. माझ्या बोटांना सवय झाली. कधी कधी मागे काही नसताना मी उगीच एकदा ठोकायची, ते जागे आहेत का बघायला. ते मागे वळून बघायचे, रस्ता रिकामा दिसायचा, आणि मग वाटभर म्हणायचे की विहीणबाईंवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

मग ते भूकंपाचं वर्ष आलं. आमच्याकडे तलासरी-डहाणूत जमीन हलायला लागली, दिवसाआड. हलायच्या आधी जमिनीच्या पोटातून गुरगुर यायची, मोठा ट्रक घराखालून जावा तशी. एका सकाळी व्याह्यांच्या घरी मी बसले होते. गुरगुर आली. लेक लेकराला उचलून बाहेर पळाली, मी पळाले, शेजारपाजारचे सगळे अंगणात. व्याही आत खुर्चीवर पेपर वाचत राहिले. जमीन हलली, भिंतीवरचं एक कॅलेंडर पडलं, तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि दारातून आम्हा सगळ्यांना आधीच बाहेर उभं असलेलं पाहिलं. लेकराने मोठ्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला ऐकू नाय आलं?" ते शब्द त्यांना ऐकू आले नसतील, पण तोंडं सगळी दिसत होती. ट्रस्टींवर, कंपनीवर, सुनेवर, दुकानदारावर आळ घेऊन झाला होता. जमिनीवर घेता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागे बसवून, अगदी हळू, गाडी सरावलीला आणली, माझ्या अंगणात चिकूखाली उभी केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी दोनदा ठोकलं नव्हतं. ते आपणच थांबले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी कानाला मशीन लावलं. त्याने माणसांचं थोडं ऐकू येतं, लोखंडाचं म्हणावं तसं येत नाही, असं ते म्हणतात.

अजूनही दर रविवारी ते रिक्षाने येतात. चहा घेतात, हातोडी काढतात आणि गाडी ठोकून बघतात. चाकं, टाकी, शेवटी सायलेन्सर. ठोकतात ते, ऐकते मी. परवा सायलेन्सरला खालून गंज लागलेला दिसला. त्यांनी टोला दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बद्द," मी सांगितलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "विहीणबाई, तुमचे कान एकदा तपासून घ्या."

 मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. त्या टँकरपुढे गाडीवर दोन माणसं होती. दोघंही जिवंत आहेत.